जन्मजात गुणांचा तक्ता : लढाऊ जातींचा सिद्धांत आणि मुंबई इलाख्यातील महार सैनिक

प्रस्तावना

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एका काल्पनिक पात्राची भूमिका वठवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. पात्राचे सामर्थ्य, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण व व्यक्तिप्रभाव हे सहा गुण अंकांत मोजले जातात. १९७८ च्या नियमपुस्तकात पात्राच्या वंशानुसार या अंकांत बेरीज-वजाबाकी करण्याचा तक्ता आहे. ड्वार्फ वंशाला काटकपणात एक अंक अधिक आणि व्यक्तिप्रभावात एक उणा. अर्ध-ऑर्काला सामर्थ्यात व काटकपणात एकेक अधिक आणि व्यक्तिप्रभावात दोन उणे. मानवाच्या वाट्याला मात्र ना बेरीज, ना वजाबाकी. इतरांचे माप ज्याच्यावरून घ्यावयाचे तो शून्यबिंदू म्हणजे मानव.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाला अशा तक्त्याची रचना अपरिचित वाटू नये. समूहाचे नाव, त्यापुढे गुण, त्यापुढे उणिवा, आणि मोजणारा स्वतः मापाबाहेर, हीच मांडणी वसाहतकालीन सैन्यभरतीच्या पुस्तिकांत दिसते. खेळाने ती तेथूनच घेतली असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. ‘जन्मजात गुण’ ही कल्पना प्रशासनाच्या हाती गेल्यावर काय घडते, हे मुंबई इलाख्यातील महार सैनिकांच्या उदाहरणावरून तपासणे, एवढेच प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. तक्त्याची घडण

१८५७ च्या उठावानंतर सैन्यात कोणाला घ्यावे हा ब्रिटिश शासनापुढील राजकीय प्रश्न होता. उठावात जे समाज शासनाच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्याकडे, विशेषतः पंजाब व नेपाळकडे, भरतीचा कल वळला. पुढे या राजकीय निवडीला वंशशास्त्राचा आधार देण्यात आला. १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताचे प्रमुख पुरस्कर्ते होत. दीर्घ शांततेमुळे दक्षिणेकडील सैनिकांचे लष्करी गुण क्षीण झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या युक्तिवादातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. शांततेमुळे जर शौर्य ओसरत असेल, तर ते परिस्थितीवर अवलंबून आहे, रक्तावर नव्हे. आणि परिस्थिती बदलली की ते परतही यावयास हवे. परंतु भरतीचे धोरण ठरविताना ते जातीला कायमचे चिकटलेले मानले गेले. परिस्थितीचे वर्णन अशा रीतीने जन्माचे लक्षण बनले.

याच काळात ही पद्धत लष्कराबाहेरही रुजत होती. आपली भिवंडी ज्या जिल्ह्यात मोडते, त्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये रहिवाशांचे वर्णन जातवार असून त्यात व्यवसाय व चालीरीतींबरोबर स्वभावाचीही नोंद आढळते. हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा संबंध जातीच्या सामाजिक दर्जाशी जोडला. १९०८ मध्ये आर. एम. बेथॅम यांची मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील पुस्तिका भारतीय सैन्यासाठी प्रसिद्ध झाली. भरती अधिकाऱ्याच्या हाती अशी पुस्तिका असली की समोर उभ्या असलेल्या तरुणाची परीक्षा त्याच्या आधीच्या पानावर झालेली असे.

तक्त्याची सर्वांत कठोर वजाबाकी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. त्यात सबंध जमात गुन्हेगार म्हणून घोषित करण्याची तरतूद होती. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यालाही लागू झाली. ती १९५२ मध्ये संपुष्टात आली.

२. वजाबाकीची किंमत

मुंबई सेनेत महार सैनिक कंपनी सरकारच्या काळापासून होते. १ जानेवारी १८१८ रोजीच्या कोरेगावच्या लढाईत ते लढले आणि तेथील स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. तथापि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. पाऊण शतकाहून अधिक काळाची प्रत्यक्ष सेवा एका बाजूला आणि गृहीतक दुसऱ्या बाजूला असताना धोरणाने गृहीतकाची निवड केली. पलटणी जातवार रचण्याच्या नव्या पद्धतीत अस्पृश्यतेचा विचारही मिसळलेला होता.

या निर्णयाने केवळ रोजगार हिरावला असे नव्हे. पलटणीत सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे, निवृत्तिवेतन मिळे, गावगाड्याबाहेर प्रतिष्ठेने उभे राहण्याची जागा मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणजेच ज्या मार्गाने एका पिढीने अक्षरओळख मिळवली, तो मार्ग पुढच्या पिढीला बंद झाला. त्यानंतर या समाजात सैनिक नाहीत, असे म्हणणे सोपे झाले. तक्ता स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करतो, तो असा.

३. अर्जांची भाषा

या बंदीविरुद्ध पहिला महत्त्वाचा आवाज निवृत्त लष्करी हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांचा. १८९४ च्या अर्जात त्यांनी असे मांडले की, आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय असून दुष्काळात अन्नाचे नियम मोडावे लागल्यामुळे त्यांचा दर्जा खालावला. हा युक्तिवाद आज संकोचाचा वाटू शकेल. परंतु शासनाला जी एकच भाषा कळत होती ती वंशाची होती. तक्ता नाकारण्याची सोय नसल्यामुळे त्यातील आपला रकाना बदलून मागणे, एवढेच अर्जदाराच्या हाती होते.

१९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यात सरकारी नोकरीतील खालच्या जागा, पोलीस व सैन्य यांत प्रवेश मागितला होता. पुढे डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात शरीरमापनाचीच आकडेवारी घेऊन अस्पृश्यतेचा वांशिक उगम अमान्य ठरविला. वलंगकरांनी रकाना बदलून मागितला, आंबेडकरांनी तक्त्याचा पायाच तपासला. या दोहोंमधील अंतर म्हणजे अर्धशतकाचा वैचारिक प्रवास होय.

४. तक्ता कधी बदलतो ?

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती विसर्जित झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. मराठा पलटणींचीही पत मेसोपोटेमियाच्या मोहिमेनंतर वाढली. दोन युद्धांच्या दरम्यान कोणत्याही समाजाचे रक्त बदलले नव्हते. बदलली होती ती शासनाची गरज.

खेळाच्या नियमांचा इतिहासही बोलका आहे. २००८ च्या आवृत्तीतून वंशाची वजाबाकी गेली, तरी २०१६ च्या एका पूरक पुस्तकात ऑर्काच्या बुद्धीतून दोन अंक पुन्हा उणे झाले. २०२० मध्ये हे अंक खेळाडूच्या इच्छेनुसार अन्य गुणाकडे वळविण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नियमपुस्तकात तर ‘वंश’ हा शब्दच गेला आणि वाढीव अंक पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने काय शिकले व कोणते काम केले याच्याशी, जोडले गेले. बेरीज जन्माकडून संधीकडे सरकावयास पन्नास वर्षे लागली.

निष्कर्ष

खेळातील वंश खेळाडू स्वतः निवडतो, आणि डाव संपला की पात्राचा कागद मिटून ठेवतो. १८९३ मध्ये भरतीच्या रांगेतून परत पाठविलेल्या तरुणाला यांपैकी कोणतीही मुभा नव्हती. हा भेद मान्य करूनही दोन निष्कर्ष काढता येतात. एक, समूहाच्या जन्मजात गुणांचा तक्ता हा निसर्गाचे वर्णन नसून धोरणाची नोंद असते. म्हणून त्यात काय लिहिले आहे याच्याआधी तो कोणी व कोणत्या गरजेतून लिहिला, हे विचारावयास हवे. दोन, मापाबाहेर राहिलेला शून्यबिंदू शोधला की सत्तेची जागा सापडते.

अमुक समाज मुळातच हुशार, अमुक मुळातच मेहनती, अमुक मुळातच आक्रमक, ही विधाने आजही प्रवेशप्रक्रियेच्या व निकालाच्या चर्चांत सहज ऐकू येतात. यंत्रमागाच्या या शहरात अनेक प्रांतांतून व समाजांतून आलेल्या कुटुंबांची मुले एकाच वर्गात बसतात. त्यांच्यापुढे इतिहास शिकविताना जुन्या पुस्तिकांतील रकाने आपल्या बोलण्यात शिरत नाहीत ना, हे तपासणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे.