बिनकुलपाच्या गावातील बायकांची पुंजी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे, अशी भगिनींची आज्ञा झाली. मी लेखिका नव्हे. मंडळाची हिशेबाची वही सांभाळणारी एक साधी गृहिणी. तेव्हा पैशाच्या गोष्टीखेरीज मला दुसरे काय सुचणार? तथापि पैशाची गोष्ट ही केवळ आकड्यांची गोष्ट नसते. घरातल्या माणसांची झोप, औषधपाणी, लेकींचे माहेरपण आणि म्हातारपणीचा मान हे सारे तिच्यात गुंतलेले असते. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील थोडे आणि आमच्या घरातील थोडे असे येथे सांगते.

शिंगणापूरची ख्याती आपणांस सांगायला नको. घराला चौकट असते, पण दार नसते. कुत्र्यामांजरांसाठी फार तर एखादी फळी आडवी लावायची. राखणदार शनिदेव, मग कुलूप कशाला, ही गावाची श्रद्धा. लग्न होऊन मी येथे आले तेव्हा माहेरच्या बायकांचा पहिला प्रश्न एकच असे, “अग, दागिने ठेवतेस तरी कुठे?” जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा तिनेही गावची रीत मानून काचेचे दार बसवले आणि नेहमीचे कुलूप लावले नाही. त्याची वार्ता देशभरच्या वर्तमानपत्रांत आली.

पण एक गोष्ट कोणत्याच वर्तमानपत्रात आली नाही. या उघड्या घरांतही बायकांची पुंजी मात्र लपलेलीच होती. कुणाची डाळीच्या डब्यात, कुणाची बाजरीच्या कणगीत, कुणाची जुन्या लुगड्याच्या घडीत. चोराचे भय नव्हते, मग ही लपवालपवी कोणापासून?

याचे उत्तर शोधताना मला दीडशे वर्षांपूर्वीची एक हकीकत आठवते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 साली ते युद्ध संपले आणि भाव कोसळला. इकडे सरकारने शेतसारा मात्र वाढवला. कुणबी सावकाराच्या दारी गेला. वही सावकाराची, लेखणी सावकाराची, आणि कुणब्याचा केवळ अंगठा. किती दिले, किती फिटले, हे त्याला कधी कळेना. अखेर 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक खवळले, आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांचा रोख मुख्यतः रोख्यांवर आणि खतांवर होता. हातात आले ते कागद त्यांनी जाळले. त्यांचा राग पैशाइतकाच न दिसणाऱ्या हिशेबावर होता.

पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. त्या कायद्याने कुणब्याला पैसे फेडल्याची पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि तो लिहिलेले पासबुक आपल्या हाती ठेवण्याचा हक्क दिला. सावकारी एका कायद्याने संपली नाही, हे खरे. परंतु ज्याचे कर्ज त्याला त्याचा हिशेब दिसला पाहिजे, ही गोष्ट तेव्हा मान्य झाली.

कुणब्याला हा हक्क मिळाला, पण कुणब्याच्या घरातल्या बाईचे काय? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरवले. 1992 साली नाबार्डने देशातील 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला आणि पुढे गावोगावच्या बायका गोल बसून, एकमेकींच्या देखत, पैसे मोजून वहीत लिहू लागल्या. कायदा आला, गट आला. पण घरातले मन बदलायला वेळ लागतो. तो कसा लागतो, हे मी आमच्याच घरात पाहिले.

2015 च्या पावसाळ्यात मामंजींचे पोटाचे ऑपरेशन करावे लागले. पाऊस नव्हता, पीक नव्हते. यजमानांनी ओळखीच्या माणसाकडून 20,000 रुपये घेतले, शेकडा दरमहा तीन रुपये व्याजाने. म्हणजे महिना 600 रुपये. व्याजाच्या तारखेच्या आदल्या रात्री ते अंगणात फेऱ्या मारीत आणि सकाळी मुलांवर उगाच डाफरत. असे 14 महिने गेले. व्याजच 8,400 झाले, मुद्दल तसेच राहिले.

मग 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी आत्याबाई सैपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या, काही बोलेनात. थोड्या वेळाने उठून त्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक पुरचुंडी माझ्यापुढे ठेवली. पाचशेच्या 35 नोटा होत्या, साडेसतरा हजार रुपये. शनिवारच्या गर्दीसाठी रुईच्या माळा करून, दूध विकून, कित्येक वर्षे साठवलेले.

यजमान दारात उभे होते. म्हणजे दार नाहीच, चौकटीत उभे होते. त्यांनी सारे पाहिले आणि नुसते म्हणाले, “आई, व्याज भरत होतो ना ग मी.”

आत्याबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “माझं मढं उचलाया तरी कुणापुढं हात पसराया नको, म्हणून ठिवलं व्हतं रं. एकदा दावलं असतं, तर माझं राहिलं असतं का?”

यावर आम्हां दोघांकडे उत्तर नव्हते. घराची वही मी लिहीत होते, पण त्या वहीत आत्याबाईंच्या नावाचे एक पानसुद्धा नव्हते. मग त्यांनी आपली पुंजी दाखवावी तरी कोणत्या विश्वासावर?

त्याच वर्षी गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला, शनिदेवाचा चौथरा स्त्रियांना खुला झाला होता. त्या चौथऱ्यालाही दार नव्हतेच. दार नसले म्हणजे वाट मोकळी असतेच असे नाही, हे मला त्या नोव्हेंबरात दुसऱ्यांदा समजले.

नोटा भरण्याची मुदत 30 डिसेंबरची होती. यजमान आत्याबाईंना घेऊन दोन दिवस रांगेत उभे राहिले आणि सारी रक्कम त्यांच्याच नावावर भरली. महिन्याभराने आत्याबाईंनीच विषय काढला. त्यांनी दहा हजार मुलाला दिले, पण उसने म्हणून, आणि माझ्याकडून वहीत लिहवून घेतले. सावकाराचे कर्ज निम्म्यावर आले. दरमहा पाचशे याप्रमाणे यजमानांनी आईचे पैसे वीस महिन्यांत फेडले. पासबुक आत्याबाईंच्या उशाखाली असे. दर महिन्याला त्या मला ते वाचायला लावीत आणि म्हणत, “आता झोप लागती बघ.” अंगणातल्या फेऱ्याही थांबल्या.

भगिनींनो, अनुभवाने शिकलेल्या तीनच गोष्टी सांगते. घरखर्चातून प्रथम आजारपणासाठी थोडे बाजूला काढावे, उरले तर काढू म्हणू नये. प्रत्येक बाईचे खाते तिच्या स्वतःच्या नावाचे असावे आणि त्यावर नामनिर्देशन केलेले असावे. मात्र नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, तेव्हा आपली इच्छा वेगळी लिहून ठेवावी. आणि महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी, सासूसुनांसह, वही उघडून बसावे. कुणाचे काय आहे ते दिसावे, पण ज्याचे त्याचेच राहावे.

आपल्या गावाने घराला दार ठेवले नाही, कारण शेजाऱ्यावर विश्वास होता. तोच विश्वास घरातल्या बाईलाही वाटावा, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.