‘तुला काय वाटतं?’ हे कोर्टानं मुलांना कधी विचारलं

नवरा-बायकोचं भांडण कोर्टात गेलं की बायका दोन गोष्टी विचारतात. पोटगी किती मिळेल आणि मुलं कुणाकडं राहतील? पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःला काय वाटतं, हे कोण विचारतं? हा प्रश्न कायद्यात कसा आला, ते आज पाहू.

इंग्रजांच्या काळी मुलावर पहिला हक्क बापाचा मानत. तरी 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात, 17 व्या कलमात, एक वाट ठेवली होती. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वय लिहिलं नाही. समज किती आहे, ते न्यायाधीशानं पारखायचं.

1912 साली मद्रासला एक खटला उभा राहिला. तो घटस्फोटाचा नव्हता, पण मुलांच्या ताब्याचाच होता. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा धाकटा भाऊ ॲनी बेझंटबाईंच्या देखरेखीखाली इंग्लंडला होते. वडिलांनी मुलं परत मागितली. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा चौदाचा. मद्रासच्या न्यायालयानं वडिलांच्या बाजूनं निकाल दिला. 1914 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. या मुलांचं हित आणि त्यांची इच्छा नीट पाहिलीच नाही, हेही त्याचं एक कारण होतं.

पुढं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं मुलाचं कल्याण सगळ्यात वर ठेवलं. 1973 साली एका ख्रिस्ती जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मुलं ही आई-बापाची मालमत्ता नाहीत, खेळणी तर नाहीतच. 1984 मध्ये कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. त्यात बंद दाराआड सुनावणीची आणि समुपदेशकांची सोय आली. आपल्या राज्यात पुणे आणि मुंबईला अशी न्यायालयं 1989 मध्ये सुरू झाली.

आता न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाला आपल्या दालनात बोलावतात. आई-बाप, वकील बाहेर. जाणता न्यायाधीश ‘आई की बाबा?’ असं तोंडावर विचारत नाही. शाळा कशी चाललीय, संध्याकाळी घरी कोण असतं, दुखलं-खुपलं तर कुणाला सांगतोस, असं विचारतो. उत्तरं पढवलेली आहेत का, तेही कळतं. मोठ्यांच्या तोंडचे शब्द मुलाच्या तोंडी आले की शंका येते. वयात आलेली मुलं कधी रागानं बोलतात, कधी एकाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतात. म्हणून त्यांचं म्हणणं ऐकतात, तोलतात, पण निकाल न्यायाधीशच देतात. तो भार मुलावर नसतो.

मैत्रिणींनो, हे आपल्या कामाचं आहे. गटातल्या एखादीची लेक उद्या कोर्टात जाणार असेल, तर तिला काही शिकवू नका. ‘माझ्यासाठी एवढं बोल’ असं म्हणू नका. ‘तुझ्या मनात आहे तेच सांग, काहीही सांगितलंस तरी मी तुझीच आई आहे,’ एवढं सांगा आणि तिला पोटभर जेवू घालून पाठवा.