पॅसिफिकचा मासा, मिशिगनचं पाणी

मिशिगन सरोवराला सरोवर म्हणताना आपल्या माणसाची जीभ जरा अडखळते. लांबी जवळजवळ पाचशे किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. आपला अख्खा कोकण विभाग त्यात बुडवला तरी बरीच जागा उरेल. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा तीर दिसत नाही, लाटा फुटतात, आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं तर ते गोड लागतं. समुद्राची सवय असलेल्या मला त्याचा धक्काच बसला होता.

मुलीकडे गेलो असताना एप्रिलच्या शेवटी एकदा जावयांनी मला सेंट जोसेफ गावाहून मासेमारीच्या बोटीवर नेलं. तिकडे या प्रकाराला ट्रोलिंग म्हणतात. बोट माणसाच्या चालीपेक्षाही जरा सावकाश चालवायची आणि मागे खोट्या माशांचे गळ ओढत न्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळे गळ बोटीच्या मागे एकाच रांगेत राहिले तर एकमेकांत गुंततात. म्हणून दोराला एक छोटी तिरपी फळी अडकवतात. पाण्याच्या दाबाने ती बोटीपासून दूर बाजूला सरकत जाते आणि गळाला आपल्याबरोबर नेते. उन्हाळ्यात मासे थंड पाण्याच्या शोधात खोल जातात, तेव्हा गळ शिशाच्या गोळ्याला बांधून खाली सोडावा लागतो. वसंतात त्याची गरज नसते. सरोवराचं दक्षिण टोक आधी तापतं, नदीचं गढूळ, किंचित कोमट पाणी काठाशी मिसळतं, आणि मासे त्या पट्ट्यात अगदी वरवर फिरतात. आमचे म्हातारे कप्तान समोर कमी आणि पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राकडे जास्त बघत होते. हवा अशी बोचरी, की चार कपडे चढवूनही मी कुडकुडत होतो.

दुपारपर्यंत पाच मासे मिळाले. चंदेरी, पाठीवर काळे ठिपके असलेले कोहो सामन. आता गंमत बघा, हा मासा मुळात पॅसिफिक महासागराचा. तो इथे हजारो किलोमीटर आत, गोड्या पाण्यात काय करत होता?

ही गोष्ट एका कालव्यापासून सुरू होते. नायगाराचा धबधबा म्हणजे वरच्या सरोवरांचा निसर्गाने बांधलेला दरवाजा. जहाजांसाठी १८२९ मध्ये त्याला वळसा घालणारा वेलंड कालवा खुला झाला. पुढे त्याच वाटेने लॅम्प्रे आला. हा सापासारखा, बिनजबड्याचा जीव. वाटोळ्या तोंडातल्या दातांनी तो माशाला चिकटतो आणि रक्त शोषतो. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला, १९३६ मध्ये मिशिगनमध्ये. तिथला मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. माणसाच्या जाळ्यांनी आधीच घटलेला हा मासा १९५० च्या दशकात मिशिगन सरोवरातून जवळजवळ संपला.

शिकारी गेला आणि रान मोकळं झालं. एलवाइफ हा हेरिंगच्या कुळातला, वीतभर लांबीचा अटलांटिकचा मासा १९४९ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, आणि दोन दशकांच्या आत त्याने सरोवर भरून टाकलं. १९६७ च्या उन्हाळ्यात तो इतक्या प्रचंड संख्येने मेला, की किनाऱ्यांवर सडलेल्या माशांचे थर साचले आणि ते हटवायला बुलडोझर लावावे लागले.

लॅम्प्रेवर उपाय सापडला होता. सुमारे सहा हजार रसायनं तपासून झाल्यावर त्याची पिल्लं मारणारं एक द्रव्य हाती आलं आणि १९५८ पासून ते नद्यांत सोडलं जाऊ लागलं. आता प्रश्न एलवाइफचा. १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रं हॉवर्ड टॅनर यांच्याकडे आली. या आगंतुकाला खायला आणखी एक पाहुणा आणावा, असं त्यांनी ठरवलं. ओरेगॉनहून कोहोची दहा लाख अंडी मिळाली. २ एप्रिल १९६६ रोजी प्लॅट नदीत पहिली पिल्लं सोडली. पुढच्या वर्षी शरदात ती भरभक्कम होऊन परतली आणि लोक वेडे झाले. मिळेल ती होडी घेऊन हजारोंनी आले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी अचानक वादळ उठलं आणि सात जण बुडाले.

टॅनर यांचं धाडस मोठं, यात शंका नाही. पण सरोवर कोणासाठी, हा निर्णयही त्यात होता आणि तो हौशी गळवाल्यांच्या बाजूने लागला. पुढे जाळेवाल्यांवर बंधनं आली. आमच्या कप्तानांचे वडील जाळ्यावर पोट भरणारे. ‘‘वडिलांचा धंदा ज्या माशाने बुडवला, तोच आता मला पोसतो,’’ असं ते हसत म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. मूळ रहिवासी जमातींनी १८३६ च्या तहावर बोट ठेवून कोर्टात लढा दिला. १९७९ मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला. किनाऱ्यावरच्या हौशी लोकांना तो निकाल मुळीच रुचला नाही.

आणखी एक गुंता मागाहून उलगडला. एलवाइफच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. एलवाइफ खाणाऱ्या लेक ट्राउटच्या अंड्यांत ते जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लं मरतात. म्हणजे सामनला हवं असलेलं खाद्यच मूळच्या माशाचा वंश खुंटवतं. दरम्यान जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून परके शिंपले आले. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न ते फस्त करू लागले. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ मध्ये एलवाइफ कोसळला आणि त्यामागोमाग शिनूक सामनही. गळवाल्यांची किनाऱ्यावरची गावं ओस पडली. पण त्याच ह्युरॉनमध्ये लेक ट्राउटची आपोआप जन्मलेली पिल्लं मोठ्या प्रमाणात दिसू लागली.

मिशिगन सरोवराभोवतीच्या राज्यांनी ते पाहिलं आणि २०१३ मध्ये शिनूकची सोडायची पिल्लं जवळपास निम्म्याने कमी केली. कशासाठी? तर उरलेला एलवाइफ टिकावा म्हणून. ज्याला संपवायला सामन आणला, त्यालाच जपण्याची ही वेळ.