सिगारेट सोडायची आहे, पण घरी सांगता येत नाही? तयारी कशी करायची आणि ऑनलाइन ग्रुप कुठे कामी येतो

सिगारेट सोडण्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात एक सल्ला हमखास असतो: "घरच्यांना सांगा, त्यांची साथ घ्या." पण आपल्याकडे अनेकांची अडचण इथूनच सुरू होते. तुम्ही ओढता हेच घरी माहीत नाही, तर सोडतोय हे कुणाला सांगणार? नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणारा मुलगा सुट्टीत गावी गेला की बडीशेप चघळत फिरतो. मुलींना तर ऑफिसबाहेरच्या टपरीवर उभं राहतानाही चार वेळा मागे वळून बघावं लागतं.

परिणाम असा की सवय लागते मित्रांच्या घोळक्यात आणि सोडायची वेळ आली की माणूस एकटा पडतो. ही जागा ऑनलाइन ग्रुप काही प्रमाणात भरून काढू शकतो. मात्र 'आजपासून बंद' असं जाहीर करून ग्रुपमध्ये शिरण्याआधी थोडी तयारी लागते. ती काय, ते समजून घेऊया.

इच्छा असूनही सिगारेट का सुटत नाही?

इच्छेची कमी नाही. 2016-17 मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 55.4 टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार किंवा बेत असल्याचं सांगितलं होतं. आधीच्या 12 महिन्यांत प्रत्यक्ष प्रयत्न केलेले होते 38.5 टक्के.

अडचण दुहेरी आहे. पहिली शरीराची. कश घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचतं आणि बरं वाटतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. यालाच आपण तलफ म्हणतो. अनेकांना सिगारेटने 'टेन्शन' गेल्यासारखं वाटतं. त्यातला बराचसा भाग आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्याने आलेली अस्वस्थता शमण्याचा असतो.

दुसरी अडचण माणसांची. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या 12,067 लोकांची 1971 ते 2003 या काळातली माहिती निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी तपासली. नवरा किंवा बायकोने सिगारेट सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी झाली. मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी. लोक एकेकटे नाही, तर गटागटाने सोडत होते. म्हणजे आपण कुणासोबत उभे राहतो, याचा जोर इच्छाशक्तीपेक्षा लहान नाही.

ऑनलाइन ग्रुपचा खरंच उपयोग होतो का?

दोन प्रयोग बघण्यासारखे आहेत.

हाँगकाँगमध्ये नुकतीच सिगारेट सोडलेल्या 136 जणांवर एक प्रयोग झाला. त्यांचे तीन गट केले. एकाला समुपदेशक असलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दुसऱ्याला फेसबुक ग्रुप आणि तिसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. दोन महिन्यांनी पुस्तिकावाल्या गटातल्या 42.6 टक्के लोकांनी पुन्हा ओढायला सुरुवात केली होती. व्हॉट्सअ‍ॅप गटात हे प्रमाण 17 टक्के होतं. फेसबुकपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर लोक जास्त बोलले, हेही त्यात दिसलं.

अमेरिकेत 'ट्वीट टू क्विट' नावाच्या प्रयोगात 160 जण होते. सगळ्यांना निकोटिनचे पॅच मिळाले. त्यातल्या निम्म्यांना वीस-वीस जणांच्या खासगी ट्विटर ग्रुपमध्येही घातलं. साठ दिवसांनंतर ग्रुपमधल्या 40 टक्के लोकांनी सिगारेट सोडलेली होती, ग्रुप नसलेल्यांपैकी 20 टक्क्यांनी.

दोन्ही प्रयोग लहान आहेत. हाँगकाँगमध्ये सहा महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅप गटातलेही 40.5 टक्के लोक पुन्हा ओढू लागले होते. त्यामुळे ग्रुप म्हणजे जादू नव्हे. दुसरं म्हणजे, हे दोन्ही ग्रुप नुसते 'गुड मॉर्निंग'चे नव्हते. एकात समुपदेशक होता, दुसऱ्यात सोबतीला औषध होतं.

पायरी 1: आठवडाभर फक्त नोंद ठेवा

सोडायच्या आधीचा एक आठवडा नेहमीसारखाच ओढा, पण प्रत्येक सिगारेटच्या आधी मोबाइलमध्ये चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण आणि तलफ किती (1 ते 5).

आठवड्याने यादी वाचली की सिगारेटी साधारण तीन प्रकारच्या निघतात.

- शरीराने मागितलेली: सकाळी उठल्यावरची पहिली, लांबच्या मीटिंगनंतरची. इथे तलफ 4-5 असते.
- सवयीने मागितलेली: कटिंग चहासोबतची, जेवणानंतरची, फोनवर बोलताना गॅलरीत येरझाऱ्या घालतानाची.
- लोकांनी मागितलेली: "चल, खाली जाऊन येऊ" असं कुणीतरी म्हटलं म्हणून ओढलेली. इथे तलफ अनेकदा 1 असते.

प्रत्येक प्रकाराला वेगळा उपाय लागतो. पहिल्यासाठी औषधाचा आधार घेता येतो. दुसऱ्यासाठी जागा आणि क्रम बदलावा लागतो, म्हणजे चहा टपरीवर न घेता जागेवर मागवणं, जेवण झालं की लगेच उठून दात घासणं. तिसऱ्यासाठी आधीच पाठ केलेलं एक वाक्य पुरतं: "मी चहा घेतो, तुम्ही या जाऊन."

याच वेळी हिशेबही मांडा. एक सिगारेट 20 रुपयांची धरली आणि रोज 5 होत असतील, तर महिन्याचे 3,000 रुपये. तुमचा खरा आकडा काढा आणि लिहून ठेवा.

पायरी 2: तारीख ठरवा

येत्या दोन आठवड्यांतली तारीख घ्या. फार लांबची घेतली की विसरते. मित्राचं लग्न, गोव्याची ट्रिप किंवा प्रोजेक्टची डेडलाइन त्याच आठवड्यात नको.

एकदम बंद करायची की हळूहळू कमी करायची? ब्रिटनमध्ये 697 जणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी 49 टक्के लोक चार आठवड्यांनी सिगारेटपासून दूर होते. दोन आठवडे कमी करत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण 39.2 टक्के होतं. एकदम सोडणं जमणारच नाही असं वाटत असेल तर कमी करत जा, पण शेवटचा दिवस मात्र पक्का ठेवा.

पायरी 3: ग्रुप निवडा, पण डोळे उघडे ठेवून

रेडिटवर धूम्रपान सोडणाऱ्यांचा 'स्टॉपस्मोकिंग' नावाचा मोठा समुदाय आहे. तिथे टोपणनावाने लिहिता येतं, पण भाषा इंग्रजी. मराठीत बोलायचं असेल तर सोडू पाहणारे ओळखीतले पाच-सहा जण गोळा करून स्वतःचा ग्रुप काढणं सोपं. कुठेही गेलात तरी एवढं तपासा:

- ओळख: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर इतर सदस्यांना दिसू शकतो. अनोळखी ग्रुपमध्ये जाण्याआधी प्रोफाइल फोटोची सेटिंग बदला. घरी फोन चार हातांत जात असेल तर नोटिफिकेशनमध्ये मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा.
- विक्री: 'सात दिवसांत व्यसन बंद' अशी पावडर, थेंब किंवा वेप विकणारा कुणी असेल तर बाहेर पडा. ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात 2019 पासून बंदी आहे.
- सूर: पुन्हा ओढल्याचं कबूल करणाऱ्याला तिथे कसं वागवतात, ते आठवडाभर वाचा. टोमणे मारणाऱ्या ग्रुपमध्ये लोक खोटं बोलायला लागतात आणि मग तो घरासारखाच होतो.

पहिली पोस्ट सोडायच्या आधीच टाका. ती नेमकी असू द्या. उदाहरणार्थ: "रविवारी सोडतोय. रोज आठ होतात. ऑफिस सुटल्यावरची सगळ्यात अवघड. साडेसहाला इथे मेसेज करेन, कुणी असाल तर बोला." "प्लीज सपोर्ट करा" याला लोक हात जोडल्याची इमोजी टाकतात. साडेसहा म्हटलं की कुणीतरी साडेसहाला येतं.

आणि एक नियम स्वतःसाठी करा: ओढण्याआधी लिहायचं, ओढल्यावर नाही. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. मेसेज लिहून उत्तराची वाट बघण्यात तेवढा वेळ निघून जातो.

पायरी 4: औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला

निकोटिनचं च्युइंगम, गोळी किंवा पॅच यांमधून धुराशिवाय थोडं निकोटिन मिळतं आणि सोडण्यात यश येण्याची शक्यता वाढते. जाग आल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असं समजतात, आणि डोस त्यानुसार ठरतो.

हे च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं सतत चावायचं नसतं. चरचरीत चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. "गमने काही होत नाही, नुसती उचकी लागते" अशी तक्रार असेल तर आधी चावण्याची पद्धत तपासा.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. गरोदर स्त्रिया, हृदयाचे रुग्ण आणि 18 वर्षांखालच्यांनी निकोटिनचं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मानसिक आजार, दमा किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर सिगारेट सोडताय हे डॉक्टरांना नक्की सांगा, कारण काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

पहिले तीन दिवस कसे जातात?

आदल्या रात्री उरलेलं पाकीट, लायटर, अ‍ॅशट्रे, गाडीच्या डिकीतली 'इमर्जन्सी'ची एक, सगळं काढून टाका.

चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणं, भूक वाढणं हे त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. भूक थोडी जास्त काळ राहू शकते.

इथे चहाचं एक गणित फार कमी लोकांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा लवकर करतं. सिगारेट थांबली की तेवढाच चहा-कॉफी जास्त चढते. मग धडधड होते, झोप उडते आणि दोष मात्र सिगारेट सोडण्याला जातो. त्यामुळे पहिले काही दिवस चहा-कॉफी निम्म्यावर आणा. दारू पहिले दोन-तीन आठवडे टाळलेली बरी. आणि सिगारेटच्या जागी तंबाखूची चिमूट, मावा किंवा हुक्का नको. त्यांतही निकोटिन आहेच.

दुसऱ्या बाजूला शरीर लगेच सावरू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 20 मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब खाली येतात. 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो.

चुकून एक ओढली तर?

बहुतेकांचा ग्रुप इथे सुटतो. "आठवडाभर सगळ्यांनी कौतुक केलं, आता काय तोंड दाखवू" असं वाटतं आणि माणूस गुपचूप 'लेफ्ट' होतो. खरं तर ग्रुपची सर्वांत जास्त गरज त्याच संध्याकाळी असते. एक ओढणं म्हणजे पाय घसरणं. लपवून दुसरं पाकीट आणलं की सवय परत सुरू होते. तेव्हा लगेच लिहा: कुठे होतो, कोण होतं, काय झालं. पहिल्या आठवड्याच्या नोंदीत ही आणखी एक ओळ, एवढंच. अनेकांची सिगारेट तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर सुटते.

ग्रुप पुरेसा नसेल तर?

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक टोल-फ्री आहे. 2018 पासून तो सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, आपण फक्त तो वाचत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही या सेवेचं केंद्र आहे. समुपदेशक तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर फोन करून विचारपूसही करतात. घरी माहीत नसेल तर फोन कधी यावा ती वेळ सांगून ठेवा. मन फारच उदास राहत असेल तर 14416 या 'टेलि-मानस' क्रमांकावर बोलता येतं.

आणि शेवटचं. ग्रुपमधली माणसं कितीही चांगली असली तरी ती रात्री तुमच्यासोबत जेवायला नसतात. जमलं तर पंचक्रोशीतल्या एकाला तरी सांगा: रूममेट, बहीण, ऑफिसातला न ओढणारा एखादा सहकारी. आईबाबांनाच सांगायला हवं असं नाही. पण टपरीकडे वळताना ज्याच्या डोळ्याला डोळा भिडेल, असं एक माणूस असू द्या.