छोट्या रुळांवरचा संसार

खेळण्यातली आगगाडी आणि आगगाडीची प्रतिकृती यांत वरवर पाहता फारसा फरक जाणवत नाही. खेळण्यातली गाडी गोल-गोल फिरते आणि मूल कंटाळले, की कपाटात जाते. प्रतिकृती रेल्वे मात्र कोठून तरी निघते आणि कोठे तरी पोहोचते. तिला स्थानक असते, यार्ड असते, मालधक्का असतो. फलाटावर गाडीची वाट पाहणारी माणसे असतात आणि गाडी उशिरा सुटली तर पुढच्या गाडीचे वेळापत्रक कोलमडते. ही सारी सृष्टी लाकडी चौकटीवर उभी केली, की तिला छंदिष्टांच्या परिभाषेत 'लेआउट' म्हणतात.

दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या मराठी वाचकाला लेआउटची कल्पना समजणे अवघड नाही. दगडमातीचा डोंगर, त्यावरची वाट, पायथ्याचे गाव, विहीर, माणसे ही रचना दोन्हीकडे सारखीच. फरक काळाचा आहे. किल्ला दिवाळी सरली, की मोडतो. लेआउट वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षे चालू राहतो. माणसाच्या नोकरीबरोबर, बदललेल्या घरांबरोबर, मुलांच्या शिक्षणाबरोबर आणि त्याच्या वार्धक्याबरोबर तो वाढत जातो. म्हणूनच या छंदाचा इतिहास हा यंत्रांचा जितका, तितकाच घरांचा इतिहास आहे.

चावीपासून विजेपर्यंत

आगगाडीच्या खेळण्यांना शिस्त लावण्याचे श्रेय जर्मनीतील मर्कलिन या कंपनीकडे जाते. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने चावीवर चालणारी गाडी आणि तिच्यासाठी ठरावीक मापाचे रूळ मांडले. गिऱ्हाइकाने एकदा गाडी घेतली, की पुढे रूळ, डबे, सांधे आणि स्थानके टप्प्याटप्प्याने जोडत जावे, ही त्यामागची कल्पना होती. रुळांच्या मापांना क्रमांक देण्यात आले. क्रमांक १ हून लहान माप काढण्याची वेळ आली, तेव्हा त्याला साहजिकच शून्य हा क्रमांक मिळाला. पुढे त्याच्याही निम्मे माप आले. 'हाफ झीरो' म्हणजे निम्मे शून्य. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'एचओ' या मापाच्या नावाचा उगम हा असा आहे.

अमेरिकेत जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये लायनेल कंपनी सुरू केली, तर इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या चावीच्या गाड्या १९२०मध्ये बाजारात आल्या. तरीही दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळापर्यंत या गाड्या प्रामुख्याने खेळणीच होत्या. छंदाचे खरे रूप घडले ते कारागिरीची हौस असलेल्या प्रौढांच्या हातून. १९३४ साली अमेरिकेत मिलवॉकी येथून 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक निघू लागले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३५मध्ये, त्याच शहरात राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटना स्थापन झाली. एका कारखान्याचे इंजिन दुसऱ्या कारखान्याच्या रुळांवर चालावे, यासाठी चाके, रूळ आणि सांधे यांची समान मानके ठरविणे हे तिचे प्रमुख काम होते. मानके ठरली आणि एकाने केलेले काम दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागले.

प्रमाणाचे गणित

एचओ प्रमाणात प्रत्यक्षातील वस्तू ८७ पटींनी लहान होते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. 'एन' प्रमाणात रूळ ९ मिलिमीटरचे आणि प्रतिकृती सर्वसाधारणपणे १६० पटींनी लहान असते. १९७२ साली मर्कलिनने आणलेल्या 'झेड' प्रमाणात ती २२० पटींनी लहान होते.

या आकड्यांचा अर्थ घरातील जागेशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सुमारे २४ मीटर लांबीचे २२ डबे असलेली एखादी लांब पल्ल्याची गाडी एचओ प्रमाणात तंतोतंत करायची, तर केवळ डब्यांचीच लांबी सहा मीटरहून अधिक होईल. ती सदनिकेच्या दिवाणखान्यात मावणार नाही. एन प्रमाणात हीच गाडी सव्वातीन मीटरवर येते. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग एचओ प्रमाणात २४० मीटर भरेल, आणि सुमारे साडेसातशे मीटरची चढण दाखवायला साडेआठ मीटर उंचीचा डोंगर लागेल. साहजिकच लेआउट करणाऱ्याला निवड करावी लागते. कोणते स्थानक ठेवायचे, कोणते वळण गाळायचे, बावीस डब्यांऐवजी सात डब्यांत ती गाडी ओळखू येईल का, याचा निर्णय घ्यावा लागतो. काय गाळले यावरून करणाऱ्याची जाण कळते.

प्रमाणाच्या गणितात काही जुन्या तडजोडीही रुजून बसल्या आहेत. ब्रिटिश रेल्वेची इंजिने युरोपीय इंजिनांहून आकाराने लहान. एचओ प्रमाणातील त्यांच्या प्रतिकृतींमध्ये त्या काळच्या मोटारी बसेनात. तेव्हा रूळ १६.५ मिलिमीटरचेच ठेवून गाड्या मात्र ७६ पटींनी लहान, म्हणजे थोड्या मोठ्या, करण्यात आल्या. 'डबल ओ' या नावाने ही पद्धत ब्रिटनमध्ये आजही सर्वाधिक वापरात आहे. तेथील गाड्या प्रमाणापेक्षा अरुंद रुळांवर धावताना दिसतात. ही विसंगती सहन न होणाऱ्या छंदिष्टांनी १८.८३ मिलिमीटरचे अचूक रूळ हाताने घडविण्याची वेगळी परंपरा निर्माण केली.

वेळापत्रक आणि वेगवान घड्याळ

रूळ टाकून, डोंगर उभारून, घरांना रंग देऊन झाले, की लेआउट पूर्ण झाला असे पाहुण्याला वाटते. जाणकार छंदिष्टाच्या दृष्टीने खरी रेल्वे तेथून सुरू होते. ठरलेल्या संध्याकाळी पाच-दहा मित्र जमतात. एक जण नियंत्रक होतो, दुसरा यार्ड सांभाळतो, बाकीचे एकेक गाडी चालवितात. कोणती वाघीण कोणत्या कारखान्याच्या सायडिंगला लावायची, याची पत्रके वाटली जातात. प्रमाणानुसार अंतर कमी झाले, तरी काळ कमी होत नाही. म्हणून भिंतीवर वेगवान घड्याळ लावतात. त्याचा एक तास प्रत्यक्षातील काही मिनिटांतच सरतो आणि एका बैठकीत रेल्वेचा अख्खा दिवस पार पडतो.

विजेच्या नियंत्रणातही मोठा बदल झाला आहे. पूर्वी रुळांतील विद्युतदाब कमी-जास्त करून वेग ठरविला जाई. त्यामुळे एका रूळखंडावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालविता येत नसत. १९९०च्या दशकात अमेरिकी संघटनेने डिजिटल नियंत्रणाचे मानक स्वीकारले. त्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि आज्ञा रुळांमधूनच त्या-त्या इंजिनापर्यंत पोहोचते.

माणूस कमी पडला, की छंदिष्ट युक्ती काढतो. याचे इंग्लंडमधील धर्मगुरू पीटर डेनी यांच्या बकिंगहॅम शाखामार्गाइतके बोलके उदाहरण नाही. शेजारच्या स्थानकाचे काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन पाहत असे. तो उपलब्ध नसताना काम अडू नये म्हणून डेनी यांनी सांधे, सिग्नल आणि घंटा सांभाळणारे यंत्र तयार केले. त्याचे नाव त्यांनी 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन' असे ठेवले.

क्लबातील संध्याकाळ

हा छंद एकांतात जोपासला जातो आणि टिकतो मात्र संगतीत. लंडनमधील मॉडेल रेल्वे क्लब १९१० साली स्थापन झाला. त्याच्या सभासदांनी १९८०च्या दशकात हाती घेतलेला 'कोपनहेगन फील्ड्स' हा लेआउट किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडील दोन महायुद्धांदरम्यानचा परिसर घरादारांसह उभा करतो. असे काम एका माणसाच्या आयुष्यात होणे नाही. एक जण रूळ टाकतो, दुसरा चाळींच्या खिडक्या कापतो, तिसरा झाडे करतो. आणि हात कामात असताना बोलणे घरचे चालते. कोणाचे घर बदलणार, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, हे सारे डाख देता-देता सांगितले जाते. नजर अधू झालेला सभासद एन प्रमाण सोडून मोठ्या प्रमाणाकडे वळतो, थरथरत्या हाताच्या माणसाची नाजूक जोडणी तरुण सभासद करून देतो. लेआउटची प्रगती आणि प्रपंचाची खबर या दोन गोष्टी येथे वेगळ्या राहत नाहीत.

अशा एका क्लबाने जगाला अनपेक्षित देणगीही दिली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६च्या सुमारास टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. त्यातील काहींना डोंगर-घरांपेक्षा लेआउटखालील तारा आणि टेलिफोनच्या रिलेंचे जाळे अधिक खुणावीत असे. हीच मंडळी पुढे संस्थेतील संगणकांकडे वळली. 'हॅक' हा शब्द संगणकाच्या जगात रूढ झाला तो प्रामुख्याने त्यांच्या बोलीतून. १९६२ साली 'स्पेसवॉर' हा आरंभीचा संगणकीय खेळ तयार करणारे स्टीव्ह रसेल याच क्लबाचे सभासद होते.

निर्मात्यामागे काय?

या छंदाचा सर्वांत अवघड प्रश्न तांत्रिक नाही. लेआउट खोलीच्या भिंतींना जखडलेला असतो. तो विकता येत नाही, बहुधा हलविताही येत नाही. ज्याने तो बांधला, त्याच्याच डोक्यात तारांचा नकाशा असतो. तो माणूस गेल्यावर काय?

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन ॲलन यांचा 'गोर अँड डॅफेटिड' हा लेआउट विसाव्या शतकातील सर्वांत ख्यातनाम मानला जातो. जमिनीपासून छतापर्यंत चढलेले डोंगर, खोली मोठी भासविणारे आरसे, गंज आणि काजळी धरलेली इंजिने ही त्यांची वैशिष्ट्ये अनेकांनी उचलली. शंटिंगसाठी त्यांनी एक स्टेगोसॉरसही 'नोकरीस' ठेवला होता! जानेवारी १९७३मध्ये ॲलन यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच आग लागून लेआउट भस्मसात झाला. उरली ती छायाचित्रे आणि शिकवण.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. जॉन अहर्न यांनी १९३०च्या दशकात सुरू केलेली 'मॅडर व्हॅली' रेल्वे, १९६१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर, ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयाने जतन केली. हे संग्रहालयच मुळी एका काळजीतून जन्मले. ऑस्ट्रेलियातून १९२५मध्ये इंग्लंडला आलेले रॉय इंग्लंड तेथील खेड्यांच्या प्रेमात पडले. पण शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत होती. ती नाहीशी होण्यापूर्वी त्यांची मापे घेऊन प्रतिकृती कराव्यात, असे त्यांनी ठरविले. एकेका झोपडीवर महिनोन्‌महिने खर्च झाले. १९५४ साली संग्रहालय सुरू झाले आणि स्वयंसेवकांनी ते काम पुढे नेले. डेनी यांचा बकिंगहॅम मार्गही २००९मध्ये ते गेल्यानंतर एका छंदिष्टाने आपल्याकडे नेऊन चालता ठेवला. जे लेआउट टिकले, त्यांची माहिती असणारी दुसरी माणसे आधीच तयार झालेली होती.

हॅम्बुर्ग, पुणे आणि माथेरान

भव्यतेत हॅम्बुर्गच्या 'मिनिआतुर वुंडरलांड'ची बरोबरी कोणी करू शकत नाही. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली जुन्या गोदामांच्या वस्तीत ते सुरू केले. तेथील रुळांची एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर आहे. दर पंधरा मिनिटांनी तेथे रात्र होते, दिवे लागतात. २०११पासून विमानतळावर विमानेही उतरतात.

महाराष्ट्रात हा छंद सर्वसामान्यांपर्यंत नेला तो पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. कोथरूड येथे त्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. वाफेच्या गाडीपासून अधांतरी धावणाऱ्या गाडीपर्यंत अनेक प्रकार, सिग्नल, उड्डाणपूल आणि एक अख्खे छोटे शहर तेथे मांडलेले आहे. एका कुटुंबाने जपलेला छंद सार्वजनिक ठेवा कसा होतो, याचे हे घरचे उदाहरण होय.

भारतीय छंदिष्टापुढे मात्र एक खास अडचण असते. आपल्या ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. एचओ प्रमाणात ते सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतात, तर बाजारात मिळणारे रूळ १६.५चे. हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक स्वीकारायचा किंवा रूळ आणि चाके स्वतः घडवायची, असे दोनच मार्ग उरतात. ब्रिटिशांनी घरच्या गाड्यांसाठी केलेली तडजोड वेगळ्या रूपात येथेही करावी लागते. म्हणूनच अनेकांना माथेरानसारखी नॅरोगेज रेल्वे जवळची वाटते. तिची तीव्र वळणे लहान जागेत बसतात आणि चार-सहा डब्यांची गाडी पूर्ण गाडी म्हणून शोभते.

शहरी घरात स्वतंत्र खोली मिळणे कठीण, हे जपाननेही अनुभवले आहे. तेथे दुकानांतील मोठे लेआउट तासावर भाड्याने मिळतात आणि लोक आपली गाडी पेटीत घालून नेतात. एन मापासाठीच्या 'टी-ट्रॅक' पद्धतीत प्रत्येक जण टेबलावर मावेल एवढाच तुकडा तयार करतो आणि भेटीच्या दिवशी सारे तुकडे जोडले जातात. कोणाच्या तुकड्यावर शेत असते, कोणाच्या तुकड्यावर गिरणी, कोणाच्या तुकड्यावर लहानपणी पाहिलेले स्थानक. सांध्याला सांधा जुळला, की गाडी एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात जाते. संध्याकाळ संपली, की प्रत्येक जण आपला तुकडा घरी नेतो, आणि एकाचा तुकडा बंद पडला तरी बाकीची रेल्वे चालू राहते.