दुसरी बाटली

कामगार संघटनेच्या माणसाने शर्यतीच्या जनावरांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी शर्यतीचा शौकीन नव्हे. परंतु २०१४ च्या निकालाने बंद पडलेल्या बैलांच्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. शंकरपटाची धूळ पुन्हा उडू लागली. ह्या कायद्याखालच्या नियमांत पशुवैद्याचा दाखला सांगितला आहे आणि बैलास उत्तेजक औषध देण्यास मनाई आहे. मनाई कागदावर लिहिणे सोपे. बैलाच्या अंगात औषध होते की नव्हते हे कोणी ठरवावयाचे, आणि ठरविणारा चुकला तर त्याला जाब कोणी विचारावयाचा? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा इतिहास कामगारांच्या इतिहासाला वाटतो त्याहून जवळचा आहे.

घोड्यांना कोकेन आणि कुचल्याचे सत्त्व टोचून पळविण्याचा धंदा युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोकाळला होता. संशय सर्वांना, पण पुरावा कोणाजवळ नाही. १९१० च्या सुमारास ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञांनी घोड्याच्या लाळेतून ही विषे ओळखून दाखविली आणि प्रथमच मुक्या जनावराची साक्ष निघाली. पुढे १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्री धावू लागली. प्रेक्षक बहुतांशी मजूर. आठवड्याच्या मजुरीतील शिलिंग त्यांनी कुत्र्यांवर लावावेत. तेथेही औषध आले आणि औषधामागून तपासणी आली.

ही तपासणी कशी होते हे पाहण्याजोगे आहे. घोड्याने मूत्र द्यावे म्हणून सईस हलकी शिट्टी वाजवीत उभा राहतो. कुत्र्याला फिरवीत नेऊन लांब दांडीच्या भांड्यात मूत्र धरतात. मग त्याचे दोन भाग करून दोन बाटल्या भरतात, मालकाच्या माणसासमोर मोहोर लावतात. बाटलीवर जनावराचे नाव नसते, आकडा असतो. प्रयोगशाळेला कोणाचे जनावर ते कळू नये. पहिल्या बाटलीत औषध सापडले तर दुसरी बाटली निराळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क आरोपीला असतो.

ही दुसरी बाटली वाचली तेव्हा मला इंग्लंडचे कोळसा-खाणकामगार आठवले. त्यांची मजुरी काढलेल्या कोळशाच्या वजनावर, आणि वजन करणारा मालकाचा. १८६० च्या कायद्याने त्यांना आपल्या खर्चाने आपला एक माणूस काट्याजवळ उभा करण्याचा हक्क मिळाला. मालकांनी अशा माणसांना हुसकून लावण्याच्या नाना युक्त्या केल्या. १८८७ साली कायदा अधिक घट्ट करावा लागला. काटा खोटा होता असे सिद्ध करण्यापेक्षा काट्याजवळ आपला माणूस असणे मोलाचे, हे त्या निरक्षर लोकांना कळले होते.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका कारखान्यातील ड्रायव्हरला दारू पिऊन कामावर आल्याच्या ठपक्यावरून घरी बसविले. मी चौकशीत त्याच्या बाजूने बसलो होतो. पुरावा म्हणजे एका ओळीचा अहवाल. नमुना कोणी घेतला, बाटली रात्रभर कोठे होती, उरलेला अंश कोठे आहे, असे मी विचारले. उत्तर आले, "अहवालावर सही आहे ना?" तो माणूस प्याला होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. नेमके तेच माझे दुःख आहे.

१९६७ सालची गोष्ट. इंग्लंडात न्यूबरीची एक मोठी शर्यत हिल हाउस नावाच्या घोड्याने जिंकली. नमुन्यात कॉर्टिसॉल भरमसाट निघाले. प्रशिक्षक कॅप्टन रायन प्राइस याची लोकांनी मनोमन सुनावणी उरकून टाकली. महिनोन्‌महिने तपास चालला आणि निघाले काय? तो घोडा आपल्या शरीरातच ते द्रव्य वाजवीपेक्षा अधिक तयार करीत होता! प्राइस ऑगस्टमध्ये निर्दोष सुटला. रसायन खरे होते, त्याचा अर्थ चुकीचा लागला होता. उलट १९८० साली चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकलेल्या टाइड कॉटेजच्या खाद्यात कोकोमधले थिओब्रोमीन चुकून मिसळले होते. कोणाचा कपटभाव नव्हता, तरी बक्षीस गेले. हा नियम कठोर वाटतो, पण मला तो पटतो. बक्षीस काढून घेणे निराळे आणि माणसाला चोर ठरविणे निराळे.

आता तपासणाऱ्याची बाजू. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात ग्रेहाउंडांच्या शर्यतींचा व्यापार वाढविणारी आणि त्यांवर पहारा ठेवणारी संस्था एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये दूरदर्शनच्या कार्यक्रमाने दाखविले, की कुत्र्यांना चेतविण्यासाठी जिवंत प्राणी आमिष म्हणून बांधले जात. निवृत्त न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांनी चौकशी केली. जुलै २०१६ मध्ये सरकारने शर्यतीच बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबरात माघार घेतली. पण एक गोष्ट झाली: २०१८ पासून पहाऱ्याचे काम निराळ्या आयोगाकडे गेले. तिकिटाच्या पैशावर ज्याचे पोट, त्याच्याच हातात बाटली नको.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत खेळाडूंचे तसेच घोड्यांचेही नमुने तपासतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये ह्या प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली. तिचे काम ठरलेल्या मापाला उतरले नव्हते. खेळाडूंचे नमुने परदेशी धाडावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता परत मिळाली. काही लोकांना ही देशाची नाचक्की वाटली. मला तसे वाटत नाही. तपासणाऱ्याचीही तपासणी झाली, त्याला थांबविले गेले, त्याने सुधारून दाखविले. हे आपल्या किती कचेऱ्यांत घडते?

शंकरपटाकडे परत येतो. बैल मालकाचा, पण त्याला चारणारा, धुणारा, पटावर कासरा धरणारा पुष्कळदा सालदार असतो. उद्या बैलाच्या रक्तात काही निघाले तर पहिले बोट त्याच्याकडेच वळेल, कारण गोठ्यात रात्री तोच असतो. म्हणून खानदेशात पट भरविणाऱ्या मंडळींना माझे विचारणे एवढेच आहे: नमुना घ्याल तेव्हा दोन बाटल्या भराल काय, मोहोर त्या सालदारासमोर लावाल काय, आणि दुसऱ्या बाटलीचा खर्च कोण देणार ते आधी सांगाल काय?