विजेचे कारभारी : विद्या आणि अधिकार

देवळातील नंदादीप अखंड तेवत राहावा म्हणून आमच्या पूर्वजांनी जमिनी लावून दिल्या, दिवाबत्तीची इनामे नेमली आणि त्या उत्पन्नाचा हिशेब कोणी ठेवावयाचा हेही ठरवून टाकले. तेल कोठून येते, त्याचा भाव काय आणि कमी पडले तर जाब कोणास विचारावयाचा, हे सभामंडपात बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असे. आज त्याच सभामंडपात विजेचे दिवे लागतात. पण या तेलाचा भाव कोण ठरवितो, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण निरुत्तर होतील. गोव्यातील वाचकास हे ऐकून नवल वाटेल की, त्याच्या विजेचा दर २००८ पासून गोवा व केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी नेमलेला एक संयुक्त आयोग ठरवितो आणि त्या आयोगाची कचेरी दिल्लीजवळ गुरुग्राम येथे आहे. बेळगावकरांचा दर बंगळुरास ठरतो, इंदूर-ग्वाल्हेरकरांचा भोपाळास, वडोदरेकरांचा गांधीनगरास.

या आसनांवर बसणारी माणसे कोणती विद्या शिकून तेथे पोहोचली, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. आम्ही कायद्याचे पदवीधर. आमची विद्या श्रेष्ठ असे म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. परंतु गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे निराळीच गोष्ट दिसू लागते. वीज, पाणी आणि निसर्ग यांच्या कारभारात ज्यांनी चिरस्थायी काम केले, त्यांची थोरवी त्यांच्या पदवीत जितकी होती, त्याहून अधिक त्या पदवीची सीमा ओळखण्यात होती.

प्रारंभ मुळशीपासून करू. सह्याद्रीचा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना टाटांच्या कंपनीने १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू करून साकार केली होती. पुढची योजना मुळा व नीला यांच्या संगमापाशी धरण बांधण्याची. तीत सुमारे पन्नास मावळी गावांची भातखाचरे बुडणार होती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाताशी होता. तो कायदा मुख्यतः मालकास ओळखी आणि मालकास मोबदला देई. पुण्यात राहणाऱ्या कित्येक सावकारांना तो मोबदला गोड लागला. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या कुळाच्या शब्दास मात्र तेथे वजन नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह मांडला.

या लढ्याचे सेनापती म्हणून जे प्रसिद्धीस आले, ते पांडुरंग महादेव बापट हे स्वतः स्थापत्याचे अडाणी नव्हते. १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरा येथे इंजिनिअरिंग शिकावयास गेले होते. राजकीय मतांपायी ती शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. धरण म्हणजे काय आणि यंत्र म्हणजे काय, हे त्यांना कळत होते. किंबहुना ते कळत असल्यामुळेच, यंत्राच्या हिशेबात न धरलेला खर्च कोणाच्या पदरी पडतो, हेही त्यांच्या ध्यानी आले असावे. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण पुरे झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथून वीज मुंबईस वाहू लागली. त्या सबंध प्रकरणात ज्या आसनावरून निर्णय झाला, त्यावर इंजिनियर होता, कायदेपंडित होता, भांडवलदार होता. कूळ तेवढे नव्हते.

दुसरे उदाहरण अगदी उलट दिशेचे आहे. जुलै १९४२ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्या काळी याच खात्याकडे होते, ही गोष्ट पुष्कळांस आजही ठाऊक नसते. डॉक्टरसाहेब अर्थशास्त्राचे पंडित आणि बॅरिस्टर. इंजिनिअरिंगशी त्यांचा पदवीपुरताही संबंध नव्हता. १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालात हाहाकार उडविला. नदीस केवळ तट बांधून आवरण्याऐवजी पूरनियंत्रण, पाणीपुरवठा, नौकानयन व वीज यांचा एकत्र विचार व्हावा, ही भूमिका त्यांनी जानेवारी १९४५ च्या कलकत्ता परिषदेत मांडली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा कित्ता त्यांच्यापुढे होता. तेथील अनुभवी इंजिनियर वुर्डुइन यांस आणवून दामोदरचा प्राथमिक आराखडा करविण्यात आला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन होऊन त्याच्या अध्यक्षस्थानी ए. एन. खोसला हे इंजिनियर आले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. बॅरिस्टराने धरणाची जाडी स्वतः ठरविली नाही; ती ठरविण्यास योग्य माणूस कोण आणि त्यास अधिकार कोणत्या चौकटीत द्यावयाचा, हे ठरविले. हेच सूत्र पुढे पुण्याचे वकील काकासाहेब गाडगीळ यांच्या हाती आले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे होती आणि त्यांच्या कारकीर्दीत, १९४८ साली, दामोदर खोरे महामंडळाचा कायदा व वीजपुरवठ्याचा कायदा हे दोन्ही झाले.

या दुसऱ्या कायद्यातून राज्याराज्यांची वीज मंडळे जन्मास आली. त्यांनी गावोगाव खांब नेले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु वीज तयार करणारे तेच, विकणारे तेच आणि दर आकारणारेही तेच. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायशास्त्राचे पहिले सूत्र येथे गळून पडले. त्याचे परिणाम नव्वदीच्या दशकात उघडे पडले. दाभोळच्या वीजखरेदीचा १९९३ चा करार महाराष्ट्राच्या गळ्यात कसा अडकला, हे पुढे माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये तपासले. ओरिसाने १९९५ मध्ये निराळा मार्ग काढला होता. १९९८ च्या कायद्याने तो देशभर नेला आणि दर ठरविणारे स्वतंत्र नियामक आयोग आले. केंद्रीय आयोगाचे पहिले अध्यक्ष एस. एल. राव हे अर्थतज्ज्ञ होते. इंजिनियर किंवा न्यायाधीश नव्हे.

२००३ च्या वीज कायद्याने तर आसनावरील विद्यांची यादीच घालून दिली : अभियांत्रिकी, अर्थव्यवहार, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा आणि व्यवस्थापन. यादी मोठी आणि राज्य आयोगाची आसने जेमतेम तीन. साहजिकच कायदा जाणणारा सदस्य पुष्कळदा वगळला जाई, आणि करारांचे तंटे मात्र त्याच आयोगापुढे चालत. गुजरातमधून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१८ रोजी निर्णय दिला की, अध्यक्ष न्यायाधीशच असला पाहिजे असे नाही. पण आयोग न्यायदान करीत असल्यामुळे त्यात कायद्याचा अनुभवी एक तरी सदस्य असलाच पाहिजे. आमच्या व्यवसायबंधूंना हा निर्णय आवडणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य ठरते, आणि ती बाजू हैदराबादेत सापडते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंजिनियर झालेला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मुरलेला हा माणूस. त्यांनी शहराच्या वर पाणी अडविण्याचा सल्ला दिला आणि त्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. पूर आवरणारे हे तलाव पुढे शहराची तहान भागवू लागले. नव्वदीच्या दशकात त्यांच्या दहा किलोमीटरच्या परिघात एका तेल कारखान्याने परवानगी मागितली. त्या वेळच्या आदेशाने असे कारखाने तेथे वर्ज्य होते. प्रदूषण मंडळाने नकार दिला. अपिलात तो फिरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१९९९ मध्ये न्या. जगन्नाथराव यांच्या न्यायपीठाने दिलेला निकाल आम्ही प्रत्येक वकिलाने वाचावा असे म्हणू. कारखान्याच्या रसायनांपासून तलावास धोका आहे की नाही, हे ठरविण्याचे ज्ञान न्यायाधीशांपाशी पुरेसे नाही, हे त्या न्यायपीठाने मोकळेपणाने मान्य केले. राज्याराज्यांतील अपील अधिकाऱ्यांची पात्रताही तपासली. कोठे एकटा निवृत्त न्यायाधीश, कोठे नुसते अधिकारी. विज्ञान जाणणारा माणूस क्वचितच. तेव्हा तो प्रश्न तज्ज्ञ सदस्य असलेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे चौकशीसाठी धाडण्यात आला आणि अखेरीस २००० साली कारखान्याच्या विरुद्ध निकाल लागला. पुढे त्याच न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २००३ मध्ये पर्यावरण न्यायालयांची शिफारस केली, आणि २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. त्यात न्यायाधीश आणि तज्ज्ञ एकाच पंक्तीस बसतात. सर्वोच्च आसनावर बसून ‘हे आम्हांस कळत नाही’ म्हणण्याचे धैर्य झाले, म्हणून ही संस्था निर्माण होऊ शकली.

तथापि आसने भरली म्हणजे न्याय झाला, असे मात्र नव्हे. गोव्याची प्रकरणे पुण्याच्या पीठापुढे चालतात. २०१७ मध्ये ती दिल्लीस हलविण्याची अधिसूचना निघाली, तेव्हा गोव्यातून ओरड झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती अधिसूचना रद्द केली. खाणीच्या धुळीने ज्याचे शेत माखले, तो माणूस दाद मागण्यास दिल्लीपर्यंत कसा जाणार? न्यायपीठ किती विद्वान आहे याइतकेच ते किती दूर आहे, यालाही महत्त्व असते.

म्हणून मुळशीच्या कुळाकडे पुन्हा येणे भाग आहे. इंजिनियराचे आसन झाले, अर्थतज्ज्ञाचे झाले, वकिलाचे झाले, शास्त्रज्ञाचेही झाले. ज्याचे शेत बुडते आणि ज्याचे बिल वाढते, त्यास अजूनही आसन नाही. पण १९२१ मध्ये नसलेली एक गोष्ट आज त्याच्यापाशी आहे. दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. अनेक मोठ्या प्रकल्पांपूर्वी जाहीर सुनावणीची तरतूद आहे. सुनावणीची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येते, आणि आपण ती उलटून टाकतो.

आमच्या देवळांच्या महाजनांना आमची एक नम्र विनंती आहे. वार्षिक सभेत तेल-वातीचा हिशेब आपण काटेकोर तपासता. त्याच सभेत विजेच्या दराची सूचना एकदा मोठ्याने वाचून दाखवावी, आणि गावातला एखादा इंजिनियर, एखादा हिशेबनीस, एखादा वकील व एखादा शेतकरी यांनी एकत्र बसून तीवर चार ओळी लिहून धाडाव्यात. मुळशीच्या मावळ्यांना ते चार शब्द ऐकविण्यासाठी तुरुंगात जावे लागले; आपणांस केवळ टपालाचे तिकीट लागते.